खिडकीपलीकडचा माणूस

आमच्या शेजारी एक निवृत्त लॉरी ड्रायव्हर राहतात. वय ८६. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत घर घेऊन आम्हाला अकरा वर्षं झाली, त्यातली पहिली चार वर्षं आमचं बोलणं हवा आणि कचऱ्याचे डबे यांच्यापुढे गेलंच नव्हतं. मग एकदा त्यांना कळलं की मी ट्रान्सपोर्ट प्लॅनर आहे. म्हणजे कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर, किती वाजता आणि कुठे, हे ठरवणारी. कुंपणावरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे तू खिडकीच्या आतली!"

ही खिडकी काय भानगड आहे ते कळायला मला दोन-तीन चहा लागले.

जुन्या ब्रिटिश डेपोत ट्रॅफिक ऑफिस, म्हणजे ड्रायव्हरांना गाड्या आणि कामं वाटणारं ऑफिस, असायचं आणि त्याला अंगणाकडे उघडणारी एक छोटी झडप असायची. ड्रायव्हर बाहेर, बहुधा पावसात. आत शेगडी, चहा आणि कागदांचा ढीग. झडप उघडली की एक हात बाहेर यायचा, त्यात माल पोचवायचे कागद. "लिव्हरपूल. परतीला साखर." झडप बंद. वाद घालायचा तर त्या चौकोनात मान घालूनच घालायचा. आजोबा (मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणते, त्यांना ते माहीत नाही) सांगतात, झडप आपटण्याच्या आवाजावरून साहेबाचा मूड कळायचा.

हे ऐकताना मला हसू येत होतं, कारण मी लहानपणापासून अशाच एका खिडकीच्या बाहेर उभी राहिलेली आहे. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. संगमनेर डेपो. शाळा सुटल्यावर डबा द्यायला जायचे तेव्हा बाबा कंट्रोलरच्या खिडकीशी लॉगशीट भरताना दिसायचे, किंवा 'मुक्कामी गाडी परत मलाच का' म्हणून हुज्जत घालताना.

योगायोग बघा. १९४८ च्या १ जूनला पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. आणि त्याच वर्षीच्या पहिल्या दिवसापासून इकडे ब्रिटनमध्ये मालवाहतुकीचं राष्ट्रीयीकरण अमलात येऊ लागलं. तिकडे प्रवासी सरकारी झाले, इकडे पोती. १९४७ च्या कायद्यानं लांब पल्ल्याच्या ३,००० हून जास्त खासगी कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या आणि 'ब्रिटिश रोड सर्व्हिसेस', म्हणजे बीआरएस उभी राहिली. साधारण ४०,००० गाड्या, लाल रंग, दारावर चाकावर उभा असलेला सिंह. जे खासगीत उरले त्यांना आपल्या तळापासून २५ मैलांच्या आतच धंदा करायची मुभा. १९५३ मध्ये सरकार पालटलेलं होतं, नवा कायदा आला, बऱ्याच गाड्या विकून टाकल्या, पण सगळ्या नाही. काही हजार गाड्यांची बीआरएस उरली. आजोबा १९६० मध्ये तिथे लागले.

आता मुद्द्यावर येते. म्हातारे ड्रायव्हर भेटले की जुन्या डेपोंबद्दल बोलत सुटतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ही सगळी गाड्यांची हौस आहे. असते, नाही असं नाही. गार्डनरचं इंजिन, फोडनचा गिअर, लेलँडच्या गाड्यांची ती प्राणिसंग्रहालयासारखी नावं: ऑक्टोपस, हिप्पो, बीव्हर. (ऑक्टोपस म्हणजे आठ चाकं. इंग्रजांचा विनोद एवढाच.) लेलँड म्हटल्यावर मी अशोक लेलँडचं नाव काढलं, तर आजोबांना भावाचा पत्ता सापडल्यासारखा आनंद झाला. पण माझं स्पष्ट मत असं की त्यांना आठवते ती गाडी नव्हे. त्यांना आठवते ती जागा, जिथे आपण पोचलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात यायचं.

डेपो होते तिथेच का होते, याचं गणित मी माझ्या धंद्यातली म्हणून एकदा कागदावर मांडलं. १९५७ पर्यंत अवजड लॉरीला इथे ताशी २० मैलांची मर्यादा होती. म्हणजे ३२ किलोमीटर. १९३० च्या कायद्यानं दिवसाला ११ तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही. अकरा गुणिले वीस, २२० मैल. तेसुद्धा चढ, धुकं, फाटक काही मध्ये आलं नाही तर. लंडन-ग्लासगो ४०० मैलांच्या आसपास. म्हणजे एका ड्रायव्हरनं एका दिवसात जाणं कायद्यानं शक्यच नाही. म्हणून मध्ये डेपो. रात्रीचे 'ट्रंकर', म्हणजे लांब पल्ल्याचे ड्रायव्हर, दोन टोकांकडून निघायचे, मध्यावर भेटायचे, गाड्यांची अदलाबदल करायचे आणि सकाळी आपापल्या घरी. लांबच्या डेपोत पोचलेल्या ड्रायव्हरची गाडी तिथला 'शंटर' घ्यायचा, गावात माल वाटायचा, नवा माल भरून आणायचा, तोवर हा झोपलेला.

झोपायचा कुठे? 'डिग्ज'मध्ये. ड्रायव्हरांसाठीची खोल्यांची घरं, एका खोलीत चार-सहा खाटा. आजोबांचं वर्णन जसंच्या तसं देते: "अंथरुण गरम असायचं, कारण दिवसपाळीचा माणूस नुकताच उठलेला असायचा." हे ते तक्रार म्हणून सांगतात की आठवण म्हणून, मला अजून कळलेलं नाही. मी बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "मग बरंच की! आम्ही मुक्कामाच्या गावी गाडीतच झोपायचो, बाकड्यावर. गरम करायला डास."

काम कसलं होतं, तेही सांगायला हवं, नाहीतर सगळं छान छानच वाटेल. गाडी उघडी, सपाट. माल भरला की त्यावर ताडपत्री आणि दोर. ताडपत्री कोरडी असली तरी एका माणसाला उचलताना कंबर धरते. ओली झाली तर विचारू नका, आणि गोठली तर दाराच्या फळीसारखी ताठ. ती खांद्यावर घेऊन मालावर चढायचं, वाऱ्याकडे पाठ करून उलगडायची, एखादा झोत खालून शिरला की माणूस आणि ताडपत्री दोन्ही खाली. मग दोर पलीकडे फेकायचे आणि 'डॉली' नावाची गाठ मारून अंगाचा भार टाकून ताणायचे. आजोबांचा उजवा अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला आहे, दोरांनी वळवलेला. माल हातानं उतरवायचा, त्याला हे लोक 'हँडबॉल' म्हणतात. आपल्याकडे त्याला सरळ हमाली म्हणतात.

केबिनमध्ये बऱ्याच गाड्यांना हीटर नव्हते. पायाशी गोणपाट, कोटाच्या आत वर्तमानपत्र. इंजिनाचं झाकण मात्र तापायचं, त्यावर पाय ठेवायची मजा असायची (पाय म्हणजे इथला 'pie', मैद्याच्या पारीत मांस भरून भाजलेला; आपला पाय नव्हे). १९६२-६३ चा हिवाळा तर असा की डिझेल टाकीत मेणासारखं घट्ट झालं. लोकांनी चिंध्या पेटवून टाकीखाली धरल्या. होय, डिझेलच्या टाकीखाली. हे सांगताना आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी प्लॅनर म्हणून आता कुठला तरी सुरक्षेचा फॉर्म काढणार.

आणि शॅप. उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियातला तो घाट, ए-६ रस्त्यावरचा. पश्चिमेच्या बाजूनं स्कॉटलंडकडे जाणाऱ्या गाड्यांना तिथून जावं लागे. हिवाळ्यात बर्फात अडकलेल्या गाड्यांची रांग लागायची. पण तेव्हा, ते सांगतात, डेपोत ट्रॅफिकचा माणूस पहाटे चारला फोन फिरवत बसलेला असायचा: या कॅफेला, त्या पोलीस चौकीला, पुढच्या डेपोला. "आमचा माणूस दिसला का?" मोबाईल नाही, जीपीएस नाही. फक्त एक माणूस, ज्याला माहीत होतं की हा ड्रायव्हर साधारण साडेतीनला पेनरिथला चहाला थांबतो.

१९७० मध्ये एम-६ हा मोटारवे, म्हणजे वेगवान महामार्ग, शॅपवरून गेला आणि तो घाट एका सकाळी इतिहासजमा झाला. तसेच डेपोही गेले, फक्त सावकाश. वेगमर्यादा वाढली (युनियनचा याला विरोध होता, आणि तो वेडेपणा नव्हता, पगार तासावर, मग लवकर पोचून मिळणार काय?). मोटारवे आले, मधले डेपो निरुपयोगी झाले. कंटेनर आले, बाजूला पडदे सरकणाऱ्या गाड्या आल्या, दोर-ताडपत्री संपली. आणि स्वीडनहून व्होल्वो आणि स्कॅनियाच्या गाड्या आल्या, पलंग असलेल्या केबिनच्या. ड्रायव्हर खूश. हक्काचा बिछाना, हक्काची चादर. डिग्जवाल्या बायकांची घरं बंद पडली.

इथेच माझं घोडं अडतं. ती केबिन हा ड्रायव्हरांचा विजयच होता, कुणी नाकारणार नाही. पण ज्या दिवशी माणूस गाडीतच झोपू लागला, त्या दिवशी त्याच्यासाठी खोली, नळ, गरम पाणी, तव्यावरचं अंडं याची व्यवस्था करण्याची जबाबदारी कुणाचीच राहिली नाही. आज माझ्या पडद्यावर प्रत्येक गाडीचा ठिपका हलतो. साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा, हे सगळं मला मिनिटावर दिसतं. दिसत नाही ते हे, की तो पंचेचाळीस मिनिटं रस्त्याकडेच्या ज्या लेबायमध्ये थांबलाय तिथे संडास आहे का. २०२१ मध्ये ड्रायव्हर मिळेनात म्हणून इथे दुकानांच्या फळ्या रिकाम्या पडल्या तेव्हा सगळे पगाराबद्दल बोलत होते. माझ्या फोनवर ड्रायव्हर अंघोळीबद्दल बोलत होते.

म्हणून 'जुनं ते सोनं' म्हणू का? मुळीच नाही. आजोबांना मी एकदा थेट विचारलं, "तुमच्या डेपोत माझ्यासारखे किती होते?" ते गप्प बसले. मग म्हणाले, "साठ-एकसष्टला? एकही नाही." ब्रिस्टलच्या बस कंपनीनं काळ्या आणि आशियाई माणसांना बसवर घ्यायचंच नाही असं ठरवलं होतं, आणि तिथल्या युनियनचीही त्याला साथ होती. १९६३ मध्ये लोकांनी बसवर बहिष्कार टाकला तेव्हा ते मोडलं, आणि पहिला कंडक्टर लागला तो रघबीर सिंग, एक शीख. ते बसचं झालं, लॉरीचं नाही. पण आजोबांची ती शेगडी, ती खिडकी, ते 'आपलं माणूस पोचलं का' हे सगळं ज्यांच्यासाठी होतं त्या 'आपल्या'त मी नव्हते, आणि बाई म्हणून तर कपबशा विसळण्यापलीकडे नसतेच. हे त्यांना मान्य आहे. त्यांनी ते कबूल केलं तेव्हापासून मी त्यांच्या गोष्टी जास्त विश्वासानं ऐकते.

एक किस्सा पैशांचा. बीआरएस ज्या सरकारी महामंडळात गेली, ते १९८२ मध्ये कामगारांनीच ५.३५ कोटी पौंडांना विकत घेतलं. साधारण दहा हजार कर्मचाऱ्यांनी आणि पेन्शनरांनी शेअर घेतले. ड्रायव्हर, कारकून, मेकॅनिक सगळे. १९८९ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तोवर त्या पैशांचे कितीतरी पट झाले होते. आजोबांनी घेतले नव्हते. "मला वाटलं, साहेब लोक आपल्या खिशातून गाड्यांचे टायर बदलणार." त्यांच्याबरोबरच्या एकानं थोडेसे घेतले आणि समुद्राकाठी बंगली बांधली. हे सांगून झालं की बायको घरातून ओरडते, "आणि नवीन स्वयंपाकघराचं सांग!" ते अजून झालेलं नाही.

त्यांचा डेपो आता नाही. कालव्याकाठी होता, तिथे फ्लॅट झालेत. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. फाटकाचा एक खांब शिल्लक आहे, विटांचा, आणि त्याच्या आतल्या बाजूला साधारण छातीच्या उंचीवर विटा झिजून गोलसर झालेल्या. आजोबांनी तळवा त्यात ठेवला. ट्रेलर वळताना प्रत्येक नवा ड्रायव्हर तिथे घासायचा, म्हणे. "मीपण. दोनदा." मग वास घेत उभे राहिले. कसला वास असणार, वरच्या गॅलरीत कुणीतरी कपडे वाळत घातले होते. पण त्यांनी यादी दिली: डिझेल, ओलं गोणपाट, तंबाखू, आणि हात धुवायची ती हिरवी जेली, स्वारफेगा. त्या जेलीचा वास मी ओळखते. आमच्या वर्कशॉपमध्ये अजून तीच आहे.

गेल्या महिन्यात जुना सोफा टाकायला आम्ही छोटा ट्रेलर भाड्यानं आणला. मुलानं इंटरनेटवर बघून पट्टे बांधले, वीस मिनिटं गेली, सोफा डुगडुगतोच आहे. आजोबा कुंपणाशी. काही न बोलता आत गेले, दोराचं वेटोळं घेऊन आले. एक टोक पलीकडे फेकलं, इकडे एक वळसा, त्यात एक फास, आकडा, आणि लोंबकळल्यासारखा अंगाचा भार. सोफा ट्रेलरला चिकटला. ८६ व्या वर्षी.

तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला, तर मी फोन तिकडे वळवला. संगमनेरहून बाबा बराच वेळ ती गाठ बघत राहिले. मग मला म्हणाले, "हात बसलेला आहे गड्याचा. विचार त्यांना, पेन्शन किती बसली?"

मी भाषांतर केलं. आजोबा दोर गुंडाळता गुंडाळता हसले आणि म्हणाले, "आधी त्यांना विचार, त्यांची किती?"