एकदा कापले ते कमी पडले?

बिलं भरून घेणारी ऑनलाइन यंत्रणा उभारताय? अभिनंदन. खालच्या वाटेने गेलात तर शेवटच्या तारखेला, संध्याकाळी सातला, अख्खं नाशिक तुमचं नाव घेईल. कुठल्या शब्दांत घेईल ते विचारू नका.

सुरुवात टाइमआउटपासून, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची त्या मर्यादेपासून. तो लावूच नका. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी किंवा गो भाषेतला साधा एचटीटीपी क्लायंट, ही दुसऱ्या सर्व्हरला विनंती पाठवणारी साधनं, वेगळं काही सांगितलं नाही तर उत्तराची कितीही वेळ वाट बघत बसतात. असे सोशिक गडी मिळाले असताना त्यांना घड्याळ कशाला दाखवायचं? सेकंदाला २०० विनंत्या येतायत आणि बँक ५० मिलिसेकंदांत उत्तर देतेय, तर एका वेळी आत असतात १०. बँक दमली, ५ सेकंद घ्यायला लागली, की आत १,०००. त्यातली प्रत्येक डेटाबेसचं एकेक कनेक्शन धरून बसलेली असेल (असेलच, डेटाबेसमधला व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, उघडून ठेवल्याशिवाय तुम्ही बँकेला हाक मारतच नाही). पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा साधारण १०० कनेक्शनची. उरलेले ९०० द्वारका चौकात कोंडीत उभे आहेत असं समजा.

रांगेलाही मर्यादा नको. गंगापूर धरणावरची माणसं पाणी क्युसेकमध्ये मोजून टप्प्याटप्प्याने सोडतात, ती जुन्या वळणाची. तुम्ही येईल ते आत घ्या. ‘आत्ता जागा नाही’ असं दारातच सांगणं म्हणजे उद्धटपणा! त्यापेक्षा चार मिनिटांपूर्वी कंटाळून निघून गेलेल्या माणसाची विनंती आता मन लावून पूर्ण करा.

कॅशमधल्या (हाताशी ठेवलेल्या तयार उत्तरांच्या साठ्यातल्या) सगळ्या नोंदींची मुदत एकाच मिनिटाला संपू द्या, म्हणजे सगळ्या विनंत्या एकदम डेटाबेसवर पडतील.

सर्व्हर ठीक आहे का ते बघणाऱ्या हेल्थ चेकमध्ये डेटाबेसला हात लावायला विसरू नका. तो जरा अडखळला की सहाच्या सहा सर्व्हर एकदम आजारी ठरतात आणि विनंत्या वाटून देणारा लोड बॅलन्सर सगळ्यांना घरी पाठवतो.

डॅशबोर्डवर फक्त सरासरी लावा. शंभरातल्या ९९ विनंत्या १०० मिलिसेकंदांत आटोपल्या आणि एक ३० सेकंद लटकली, तरी सरासरी ४०० मिलिसेकंदच दिसते. साहेब खूश. रामकुंडाजवळचा टपरीवाला गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलंय ते बघून सामान हलवतो. गोदावरीची वर्षभराची सरासरी पातळी काढत बसत नाही. पण त्याला कोण विचारतो.

आता खरी कला. पुन्हा प्रयत्न! अ‍ॅपमध्ये तीन, गेटवेत (मधल्या दारात) तीन, आतल्या सेवेत तीन. माणसाने एकदा अंगठा टेकवला की बँकेच्या दारावर २७ थापा. मधे थांबायचंच असेल तर सगळ्यांनी मोजून एक सेकंद थांबावं, म्हणजे धडकतानाही सगळे एकत्रच धडकतील. दरवेळी दुप्पट थांबणं, त्यात थोडा कमीजास्त फरक टाकणं, प्रयत्न एकाच थरावर ठेवणं, हे लाड परवडत नाहीत. मग पडद्यावर लिहा, ‘काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.’ काय चुकलं, कुठे चुकलं, पैसे गेले की राहिले, चकार शब्द नको. बिचारा पुन्हा दाबतो. बँकेचे दोन मेसेज येतात. पावती एकही नाही.

अहो, टाइमआउट म्हणजे ‘झालं नाही’ नव्हे, ‘कळलं नाही’! पैसे तिकडे कापलेही गेले असतील आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. म्हणून तर आयडेम्पोटन्सी की असते, एका वसुलीचा एकमेव ओळख क्रमांक. ती बिलाचं पान उघडतानाच एकदा तयार करायची आणि त्या बिलाच्या प्रत्येक प्रयत्नात तीच पाठवायची. दर प्रयत्नाला नवी बनवलीत तर नसल्यासारखीच. बँकेला हाक मारण्याआधी ती ‘प्रलंबित’ म्हणून नोंदवायची आणि तिथे ट्रान्झॅक्शन बंद करायचं. तीच की परत आली तर नवी वसुली नाही, जुन्या नोंदीची स्थिती सांगायची. बँकेलाही तोच क्रमांक द्यायचा, उत्तर आलं नाही तर त्यावरूनच चौकशी करायची आणि रात्री दोन्हीकडचे हिशोब जुळवायचे. एक कॉलम आहे तो. ३६ अक्षरांचा. त्यावर एक यूनिक इंडेक्स, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदवलाच जात नाही. एवढंसं तुमच्याने होत नाही आणि टेंडरात मात्र ‘क्लाउड-नेटिव्ह मायक्रोसर्व्हिसेस’!

वर विचारलं की म्हणता, ‘अचानक लोड आला.’ अचानक? शेवटची तारीख बिलावर तुम्हीच छापलीत ना? २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. गर्दी कुठल्या दिवशी लोटणार हे तिथीसकट आधी सांगणारं दुसरं गाव दाखवा. त्याआधी एकदा तरी दहापट भार घालून बघा, बँकेची सेवा मुद्दाम बंद पाडून बघा, बॅकअप खरंच परत चढतो का ते बघा. लाज वाटत असेल तर याच आठवड्यात बघा.

आणि ते दुसऱ्यांदा कापलेले पैसे आधी परत करा. ‘सात ते दहा कामकाजाचे दिवस’ ऐकवू नका. कापताना तीन सेकंद लागले होते.