लिनक्स बेकायदेशीर नाही, तो 'ॲक्टिव्हेटर' बेकायदेशीर आहे

'जुन्या लॅपटॉपवाल्यांनो सावधान' असा मथळा असलेला एक लांबलचक मेसेज सध्या नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला. पण सिडकोतल्या माझ्या मावशीने तोच मला पाठवला आणि खाली विचारलं, "मग लॅपटॉप भंगारात देऊ का?" मावशी निवृत्त शिक्षिका आहे. लॅपटॉप 2016 चा, चार जीबी रॅमचा, अजून ठणठणीत. भजनी मंडळाच्या याद्या, नातवंडांचे फोटो, सगळं त्याच्यावरच. आता मात्र उत्तर द्यायलाच हवं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: विंडोज 10 बंद झालं, आता जुना लॅपटॉप उघडला की हॅक होणार. कोणी लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून देतो म्हणालं तर अजिबात टाकू नका. ते हॅकर लोकांचं आहे, बेकायदेशीर आहे, फुकट आहे म्हणजे त्यात व्हायरस आहे. काळ्या पडद्यावर कमांड लिहाव्या लागतात, मराठी येत नाही, प्रिंटर आणि टॅली चालत नाही. टाकताना सगळे फोटो जातात आणि पुन्हा विंडोज कधीच टाकता येत नाही. त्यापेक्षा सोबतच्या लिंकवरून ॲक्टिव्हेटर (परवाना न घेता विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम) घ्या, अँटीव्हायरस बंद करा आणि विंडोज 11 फुकटात चालवा.

विंडोज 10 ची बातमी तेवढी अर्धी खरी आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपवला. म्हणून मशीन त्या दिवशी बंद पडत नाही. नवीन भोकं बुजवणारे अपडेट येणं थांबतं आणि धोका हळूहळू वाढत जातो. घरगुती ग्राहकांना एक वर्षाच्या वाढीव सुरक्षा अपडेटची सोयही कंपनीने दिली आहे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मावशीचा सहाव्या पिढीचा आय 3 त्या यादीत बसत नाही, एवढंच. तो बिघडलेला नाही.

आता बेकायदेशीरपणाचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच मुद्द्याने होणार आहे. लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, 1992 पासून ग्नू जनरल पब्लिक लायसन्स या खुल्या परवान्याखाली आहे. वापरा, कॉपी करा, शेजाऱ्याला द्या, हवं तर विका, सगळ्याला त्यात लेखी परवानगी आहे. हा मेसेज ज्या अँड्रॉइड फोनवरून पुढे ढकलला जातोय, त्या फोनच्या मुळाशीही हेच कर्नल आहे. जगातल्या सर्वात वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर 2017 पासून लिनक्सवर चालतो. आपल्या सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने 'बॉस' नावाचं लिनक्स स्वतः बनवलंय. हॅकर लोकांचं म्हणे!

आणि ॲक्टिव्हेटर? आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यातलं कलम 63-ब प्रत्येक दुकानदाराने एकदा वाचावं. चोरीची प्रत आहे हे माहीत असताना संगणकावर सॉफ्टवेअर वापरलं, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करून फक्त दंडावर सोडू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच. म्हणजे मेसेज ज्याला बेकायदेशीर म्हणतो ते कायदेशीर आहे, आणि जे करायला सांगतो त्याला शिक्षा आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. अँटीव्हायरस बंद करायला का सांगतात, याचा कोणी विचार केलाय का? तो चालू असेल तर हे प्रोग्राम पकडतो म्हणून. अनोळखी माणसाने बनवलेला प्रोग्राम, ॲडमिनचे पूर्ण अधिकार देऊन, पहारेकरी बाजूला काढून चालवायचा, आणि त्याच मशीनवरून पेन्शनचं खातं उघडायचं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारे प्रोग्राम नेमके असल्याच फायलींतून पसरवले जातात. शालिमारजवळच्या एका दुकानात मावशीला हाच उपाय 'सगळे हेच करतात' म्हणून सुचवला होता. तिने होकार दिला नाही हे नशीब. मला राग येतो तो याचा. साठीच्या पुढची माणसं विश्वासाने मशीन हातात देतात आणि त्यांच्याच खात्याचं दार उघडं टाकलं जातं.

'फुकट म्हणजे व्हायरस' यात एक खरी घटना लपलेली आहे, ती मान्य करतो. फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंट या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकाराची वेबसाइट हॅक झाली आणि 20 तारखेला एका आवृत्तीच्या डाउनलोडची लिंक मागचं दार ठेवलेल्या खोट्या फायलीकडे वळवली गेली. मिंटवाल्यांनी ते लगेच जाहीर केलं. धडा असा की फाइल मूळ साइटवरूनच घ्यायची आणि उतरवल्यावर तिचा एसएचए-256 हा आकडा (फाइलवरूनच निघणारा, फाइल बदलली की बदलणारा) साइटवरच्या आकड्याशी जुळवायचा. साइटवर पद्धत दिलेली आहे, पाच मिनिटांचं काम. ॲक्टिव्हेटरची फाइल कोणत्या आकड्याशी जुळवणार?

काळा पडदा आणि कमांड: मिंटवर मेन्यू खाली डाव्या कोपऱ्यात असतो, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस आधीपासून असतं, अपडेट माऊसने होतात. यावर जास्त लिहायची गरज नाही.

मराठी येत नाही, हे वाचून तर मावशीच वैतागली. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवताना मराठी निवडायचं. इनस्क्रिप्ट आहे, आणि 'कगप' नावाचा उच्चारानुसार चालणारा लेआउटही आहे, ज्यात के दाबलं की क उमटतो. तिने पहिल्याच बैठकीत 'ज्ञानेश्वर' लिहून पाहिलं, ज्ञ सकट. अडचण आहे ती जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये केलेल्या फायलींची. डीटीपीचं काम करणाऱ्यांनी घाई करू नये.

टॅलीचं मात्र खरं आहे. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनतं. ज्याचा हिशेब त्यावर आहे, त्याने ते मशीन विंडोजवरच ठेवावं. प्रिंटरचंही थोडं खरं. एचपीचे बरेच प्रिंटर जोडले की ओळखले जातात, पण झेरॉक्सच्या दुकानांत दिसणाऱ्या कॅनन एलबीपी 2900 ला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवताना नवशिक्याची दमछाक होते.

पण यासाठी कोणाच्या मेसेजवर विश्वास ठेवायची गरजच नाही. मिंटची फाइल रूफस किंवा बलेनाएचर या मोफत प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवा (पेनड्राइव्ह पुसला जातो, त्यात काही असेल तर आधी काढा), लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूतून (मशीन कशावरून सुरू करायचं त्याची यादी) पेनड्राइव्ह निवडा. आतल्या डिस्कवर काहीही न टाकता पूर्ण सिस्टीम उघडते. त्यातच वायफाय जोडा, गाणं लावा, कॅमेरा बघा, प्रिंटरवर एक पान काढा. पटलं नाही तर पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करा, विंडोज होतं तसं आहे. चार जीबी रॅमवर मी मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती सुचवेन. सिनॅमन ही दुसरी आवृत्ती दिसायला छान आहे, पण जास्त रॅम मागते.

फोटो जातात का? जाऊ शकतात, आणि ते नेमके एका पानावर ठरतं. इन्स्टॉल करताना विचारलं जातं की विंडोजच्या शेजारी टाकायचं की डिस्क पुसून टाकायचं. दुसरा पर्याय निवडून पुढे गेलात तर सगळं जातं. म्हणून बाहेरच्या हार्डडिस्कवर बॅकअप घेतल्याशिवाय त्या पानापर्यंत जायचंच नाही, शेजारी टाकणार असलात तरीही. विंडोजचं बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवायची. नाहीतर नंतर विंडोज ती मागेल आणि तुमच्याकडे ती नसेल.

राहिलं 'पुन्हा विंडोज टाकता येत नाही'. विंडोज 8 पासून पुढे ज्या लॅपटॉपवर विंडोज कंपनीकडूनच आलं, त्यांत परवान्याची की सहसा मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. डिस्क पुसली तरी ती जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून अधिकृत फाइल घ्या, पेनड्राइव्ह बनवा, तीच आवृत्ती टाका, इंटरनेट जोडलं की परवाना आपोआप ओळखला जातो. यासाठी कुठल्याही दुकानात ॲक्टिव्हेटर विकत घ्यावा लागत नाही, आणि तसं सांगणाऱ्याकडे मशीन सोडून येऊ नका.