सांगलीच्या गणपती पेठेतल्या दुकानदार दादांच्या कमेंटला उत्तर : रहिवासी पार्किंगबद्दल

दादा, तुमची कमेंट नीट वाचली. राग आलेला दिसतोय, पण मुद्दे आहेत त्यात, आणि खाली दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून वेगळं लिहितेय.

ज्यांनी मागची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की गावभाग, खणभाग, हरभट रोड, कापडपेठ अशा भर बाजारात जी माणसं राहतात त्यांना महापालिकेनं आणि वाहतूक पोलिसांनी मिळून रहिवासी पार्किंगचा परवाना द्यावा, रीतसर फी घेऊन, घरटी एकच गाडी. त्यावर दादांचं म्हणणं असं की रस्ता काय तुमच्या घराचं अंगण आहे का, रस्ता सगळ्यांचा असताना रहिवाशांनाच परवाना हा भेदभाव नाही का, गाडी घ्यायच्या आधी जागा बघायची अक्कल पाहिजे, आणि असले परवाने निघाले तर गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून विश्रामबागेकडं वळणार आणि पेठेतल्यांनी शटर ओढून बसायचं.

गिऱ्हाइकाचंच आधी बोलू, कारण तुमचं पोट त्यावर आहे आणि पेठ बंद पडावी असं आम्हाला कुणालाच वाटत नाही, आमचं किराणा-भाजी-औषध सगळं तिथंच आहे. पण सकाळी दहाच्या सुमारास पेठेतनं एकदा चालत जा आणि बघा कुठल्या गाड्या लागतात ते. गिऱ्हाईक अजून यायचं असतं. त्या गाड्या असतात मालकांच्या, दिवाणजींच्या, कामावरच्या पोरांच्या, आणि त्या रात्री दुकान वाढवेपर्यंत हलत नाहीत. आता हिशोब करा, एक चारचाकी म्हणजे अडीच मीटर बाय पाच मीटर, नियमावलीत पार्किंगचा मोठा चौकोन एवढाच धरतात, आणि दुचाकीला एक बाय दोन, म्हणजे एका कारच्या जागेत आरामात ५ दुचाक्या बसतात. दुकान अकरा तास उघडं असतं आणि एक गिऱ्हाईक अर्धा तास थांबतं असं धरलं तर त्या एका चौकोनात दिवसभरात २२ गाड्यांची गिऱ्हाइकं येऊन जातील, दुचाकीवरची धरली तर शंभराच्या पुढं. ती सगळी जागा दुकानदाराची स्वतःची एक गाडी अडवून बसते. तुमचं गिऱ्हाईक कोण पळवतंय याचा विचार करताना हे बघा एवढंच म्हणणं आहे, आणि मी हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये, कारण तुम्हाला तरी गाडी लावायला दुसरी जागा कुणी दिलीय?

म्हणून माझी मागणी दिवसभर जागा अडवायची नाहीच मुळी. रहिवाशाला गाडी लागते ती मुख्यतः रात्री, दुकानं बंद झाल्यापासून सकाळी उघडेपर्यंत. त्या वेळेत परवाना चालावा. दिवसा मुख्य रस्त्यावर फक्त थोडा वेळ थांबणाऱ्या गाड्या, माल उतरवायला सकाळची ठरलेली वेळ, आणि दिवसभर लागणाऱ्या गाड्या, मग त्या तुमच्या असोत की माझ्या, पेठेच्या बाहेर थोडं चालावं लागेल अशा जागी. मधल्या बोळात जिथं दुकानंच नाहीत तिथं मात्र रहिवाशांना दिवसाही चालावं, तिथं गिऱ्हाइकाचा काय संबंध.

आता रस्ता सगळ्यांचा हा मुद्दा. हो, सगळ्यांचाच आहे, पण सगळ्यांचा म्हणजे जो आधी येईल त्याचा दिवसभर, असं कुठं लिहिलंय? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११७ बघा, राज्य सरकारला किंवा सरकारनं नेमलेल्या यंत्रणेला स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून गाड्या कुठं थांबवायच्या ते ठरवता येतं, आणि कायमच्या की ठराविक वेळेपुरत्या हेही त्यातच आहे. म्हणजे वेळ वाटून द्यायची सोय कायद्यात आधीपासून आहे, वापरायची राहिलीय. तुम्ही म्हणता तसा भेदभावाचा वाद अमेरिकेत कोर्टात गेलेला, वॉशिंग्टनशेजारच्या आर्लिंग्टनमध्ये ऑफिसला येणारे लोक शेजारच्या वस्तीत दिवसभर गाड्या लावायचे म्हणून कौंटीनं, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनानं, रहिवाशांना परवाने दिले, बाहेरचे कोर्टात गेले आणि १९७७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं परवाने योग्य ठरवले. तिथला निकाल इथं लागू होत नाही हे मलाही कळतं, पण प्रश्न तोच होता.

गाडी घ्यायच्या आधी जागा बघायची, हे मात्र मनाला लागलं. दादा, गावभागातली घरं गाड्यांच्या आधीची आहेत. दिंडी दरवाजातनं स्कूटर आत घेताना हँडल वाकडं करावं लागतं, चारचाकी कुठनं न्यायची? आणि नवीन बिल्डिंग बांधून तळघरात पार्किंग काढा म्हणणाऱ्यांनी आपलं गाव कुठल्या नदीच्या काठावर आहे ते आठवावं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटाला इशारा पातळी, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटाच्या वर गेलं होतं. कृष्णामाई चढायला लागली की आमच्याकडं पहिल्यांदा गाड्या निघतात, विश्रामबागेतल्या पाहुण्यांच्या दारात लावून यायच्या, मग घरातलं सामान वर चढवायचं. असल्या ठिकाणी तळघर म्हणजे हौदच. आणि ज्या अपार्टमेंटना खाली पार्किंग मंजूर आहे त्यातल्या किती ठिकाणी आज पोती रचलेली आहेत, कुठं गाळे काढलेत, हे तुम्हालाही माहितीय. ती पार्किंगं मोकळी करून घेणं हे महापालिकेचं काम आणि ते परवान्याच्या आधी व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे. मिरजेहून त्यांना घेऊन आलो की बोळाच्या तोंडाशी दोन्हीकडं गाड्या, रिक्षा आत जात नाही, मग तिथनं वॉकर धरून चालायचं. चार पावलं टाकली की त्या थांबतात. डायलिसिसनंतर अंगात त्राण नसतं, मग कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर बसवायचं, आतनं कुणीतरी पाणी आणून देतं, कधी खुर्ची काढून देतात. हे पाणी देणारे दुकानदारच असतात आणि हे मी विसरत नाही. पण ज्या गाडीमुळं त्यांना चालावं लागतं तिचा मालक कोण ते शोधत बोंबलत फिरायची वेळ रोज कुणावर तरी येतेच ना. उद्या आग लागली तर बंब कुठपर्यंत येईल?

नियम नाही म्हणून प्रत्येकानं आपापला नियम केलाय. कुणी रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून मधे गज उभा केलाय, कुणी दगड मांडलेत, कुणाच्या भिंतीवर "इथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल" असं ऑइलपेंटनं लिहिलंय आणि खरंच सोडतात. यात रहिवासीही आहेत, दुकानदारही आहेत. परवाना आला तर हे डबे पहिल्यांदा उचलायचे, आमच्या बाजूचेसुद्धा.

आणि माझ्या बाजूनं भांडायला आलेल्या काहींना पण सांगायचंय. रोड टॅक्स भरलाय म्हणजे दारातली जागा आमची, असं तीन-चार जणांनी लिहिलंय, ते मला पटत नाही. तो टॅक्स राज्याकडं जातो, गाडी रस्त्यावर चालवायचा असतो, उभी करायची जागा त्यात येत नाही. म्हणून परवान्याला फी पाहिजेच. दुसऱ्या गाडीला परवाना नको. भाडेकरूला मात्र मिळालाच पाहिजे, करारनामा दाखवून, कारण इथं राहणारे निम्मेअधिक लोक भाड्यानं आहेत असं निदान आमच्या बोळात तरी दिसतं. आणि परवाना गाडीच्या नंबरवर असावा, म्हणजे कुणी आपला परवाना दुकानदाराला भाड्यानं दिला असं व्हायला नको.

हे सगळं कागदावर राहील असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ती भीती मलाही आहे. पुण्यात २०१८ ला पार्किंगचं धोरण महापालिकेत मंजूर झालं, केवढा गदारोळ झाला, आणि पुढं अंमलबजावणी कित्येक वर्षं रखडली. तिथं धोरण अख्ख्या शहराचं होतं. आपण एक गल्ली, एक रस्ता घेऊ, शनिवारच्या बाजाराचा दिवस वगळून, दिवाळीची गर्दी वगळून, आणि चाललं नाही तर बंद करू.

आम्ही काही जण मिळून महापालिकेला आणि वाहतूक शाखेला अर्ज देणार आहोत. त्यात माल उतरवायची वेळ मी सकाळी सात ते दहा धरलीय, पण तुमच्याकडं बाहेरगावचे टेम्पो किती वाजता लागतात, हमाल किती वाजता येतात हे तुम्हालाच माहिती. दुकानातल्या पोरांच्या दुचाक्या कुठं लावल्या तर चालतील तेही सांगा. इथंच कमेंटमध्ये लिहिलं तरी चालेल, अर्ज टाइप करायचा अजून बाकी आहे.