मराठवाड्याच्या हवेत ट्री बोआ पाळू नये

छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडकडचे काही तरुण मित्र अलीकडे मला ‘घरी ट्री बोआ ठेवावा का?’ असे विचारतात. माझे मत स्पष्ट आहे : आपल्या भागात ठेवू नये. हा साप बिनविषारी आहे, त्यामुळे विरोध भीतीपोटी नाही. अडचण आपल्या हवेची आहे.

हिरवा ट्री बोआ मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या सदाहरित जंगलांतला. दिवसभर तो आडव्या फांदीवर वेटोळी घालून, मधोमध डोके टेकवून निश्चल बसतो आणि अंधार पडला की मान खाली सोडून भक्ष्याची वाट पाहतो. ओठांवरच्या खाचांना उंदराच्या अंगाची ऊब जाणवते. वेटोळ्यांवर साचलेले पावसाचे थेंब तो तिथल्या तिथेच पितो, म्हणून तळाशी पाण्याचे भांडे ठेवून भागत नाही, पेटीत नियमित फवारा मारावा लागतो. त्याला साधारण २६ ते ३० अंश तापमान आणि भरपूर दमट, पण खेळती हवा लागते. आता परभणीचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला, हवा कोरडीठाक. एसी लावला तर उरलासुरला ओलावाही जातो. कूलरने ओलावा येतो खरा, पण भर दुपारी वीज गेली की सगळाच खेळ थांबतो. पेटी झाकून ओल धरून ठेवावी, तर कोंदट हवेत त्याच्या कातडीला आणि फुप्फुसांना संसर्ग होतो. पुन्हा डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या रात्रींचा गारठा आहेच.

त्याचे पचनही फार मंद असते. हौसेने वरचेवर उंदीर भरवले किंवा तापमान बिघडले, तर तो खाल्लेले उलटून टाकतो आणि खंगत जातो. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशी आणि शेळ्यांत गढलेले असतात; अॅमेझॉनचा साप त्यांच्यापुढे कधी यायचा? शिवाय हाताळलेले त्याला मानवत नाही. रीलसाठी गळ्यात घ्यायचा हा प्राणीच नव्हे. त्याचे पुढचे लांब दात लागले की ते कळतेच.

कायद्याची बाजूही पाहावी. ट्री बोआ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर, २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. आपल्या शिवारातले मांडूळ तर बोआचेच नातलग, पण ते पकडणे किंवा पाळणे हा सरळ गुन्हा आहे. तरीही गुप्तधनाच्या खुळापायी त्याची तस्करी थांबत नाही, हे वेगळेच दुखणे.

ज्यांच्याकडे ट्री बोआ आधीच आहे, त्यांनी तो कंटाळून शेतात किंवा नदीकाठी मुळीच सोडू नये. नोंदणी करावी, पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवावी आणि मार्च उजाडण्यापूर्वी इन्व्हर्टरची सोय करून ठेवावी.