मोहरीच्या उशीने कवटीचा सांधा उघडत नाही

‘बाळाचं डोकं चपटं किंवा लांबट दिसलं तरी घाबरू नका. मोहरीची उशी द्या, मालीश करा, वर्षभरात गोल होतं. थ्रीडी सीटी स्कॅन हा निव्वळ धंदा, वर रेडिएशन.’ हा मेसेज आईबाबांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच तो जास्त घातक वाटतो.

‘वर्षभरात गोल होतं.’ एकाच कुशीवर झोपून चपटं झालेलं डोकं बहुतेकदा सुधारतं. पण साधारण दोन-अडीच हजारांत एका बाळाच्या कवटीच्या हाडांमधला एखादा सांधा वेळेआधीच जुळलेला असतो. तिथे हाड वाढत नाही, मेंदू मात्र झपाट्याने वाढत असतो. असा सांधा उघडायची दुर्बिणीची शस्त्रक्रिया सहसा पहिल्या तीन-चार महिन्यांतच करतात. वर्षभर थांबलं की ती वाट बंद.

बाळाला मांडीवर घेऊन टाळूच्या बाजूने, वरून बघा. झोपण्यामुळे चपटं झालं असेल तर त्या बाजूचा कान आणि कपाळ पुढे सरकलेलं दिसतं. मागचा सांधा जुळला असेल तर बहुधा कानामागे उंचवटा येतो. डोकं होडीसारखं लांबट असेल तर डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाणारा सांधा तपासायलाच हवा.

‘मोहरीची उशी.’ वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना कुठलीच उशी नको, श्वास कोंडण्याचा धोका असतो. उताणं झोपवा, जागेपणी डोळ्यांसमोर पालथं ठेवा. मान एकाच बाजूला वळत असेल तर फिजिओथेरपी.

‘स्कॅन म्हणजे धंदा.’ जाणकार डॉक्टर बोटांनी सांधे चाचपूनच बरंच ओळखतात. नुसतं झोपण्यामुळे चपटं असेल तर सीटी लागत नाही, तरी सांगितला तर कारण जरूर विचारा. तान्ह्या बाळाचे सांधे सोनोग्राफीतही दिसतात. पण शंका पक्की असेल तर सीटीचे बारीक काप, म्हणजे डोक्याच्या पातळ थरांची चित्रं, जोडून संगणक पडद्यावर अख्खी कवटी उभी करतो. कुठला सांधा किती जुळला, कुठे कापायचं, हे सर्जनला ती फिरवून ठरवता येतं. त्या चित्रात पातळ हाड कधी भोकासारखं दिसतं, म्हणून मूळ कापही बघावे लागतात.

‘रेडिएशन.’ असतं. डोक्याच्या एका नेहमीच्या सीटीचं साधारण दोन मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक), म्हणजे निसर्गातून वर्षभरात मिळतं जवळपास तेवढं. कमी मात्रेचा स्कॅन मागता येतो. पुढे नुसता आकार मोजायला थ्रीडी कॅमेरा पुरतो, त्यात रेडिएशन नाही.

दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा डोक्याचा घेर मोजून घ्या आणि वरून डोकं बघायला सांगा. तेव्हा हातात वेळ असतो.