माढ्यात पक्ष नाही, गट बघा

लोकसभा लागली की टीव्हीवाले माढ्यात येणार, "मोदी की पवार?" विचारणार आणि चहा पिऊन निघून जाणार. अरे बाबांनो, इथं पक्ष वरून दिसतो, आत सगळा गट असतो.

2008 च्या फेररचनेत हा मतदारसंघ झाला. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस आमच्या सोलापूरचे, फलटण आणि माण साताऱ्याचे. 2009 ला खुद्द शरद पवारसाहेब तीन लाखांवर लीडने निघाले. 2014 ला पवारांच्याच राष्ट्रवादीचे विजयदादा मोहिते पाटील निवडून आले खरे पण सदाभाऊ खोतांनी घाम फोडला, लीड 25 हजारांवर आलं. 2019 ला साहेब लढतो म्हणाले मग माघार, मोहिते पाटील भाजपच्या बाजूला, आणि एकट्या माळशिरसनं रणजितसिंह निंबाळकरांना लाखाच्या घरात लीड दिलं, निवडून आले 85 हजारांनी. 2024 ला तेच माळशिरस, पण धैर्यशीलभैया मोहिते पाटील तुतारीवर, म्हणजे पवारांच्या पक्षाकडून, आणि वर्षानुवर्षं मोहित्यांच्या विरोधात लढलेले उत्तमराव जानकरही त्यांच्यासोबत! निंबाळकर 1 लाख 20 हजारांनी पडले. पाच वर्षांत माळशिरसकरांची विचारधारा बदलली होय? छे, गट फिरला.

यावर शहरातले मित्र लगेच म्हणतात, लोक विकले जातात. मला नाही पटत. ऊस वेळेवर तुटायचाय, कारखान्याचं बिल निघायचंय, सोसायटीचं कर्ज पाहिजे, रात्री दवाखान्यात बेड पाहिजे, तर फोन दिल्लीला नाही लावत कुणी, गटाच्या माणसाला लावतात. मतदानादिवशी बूथबाहेर याद्या घेऊन बसलेल्या पोरांना विचारा, कुठल्या घरातली किती मतं कुठं, पुण्यातल्या पोरांना आणायला गाडी कोण धाडणार, सगळं तोंडपाठ. (सांगोल्यात आबा, म्हणजे गणपतराव देशमुख, एकाच पक्षाकडून 11 वेळा आमदार झाले, ते प्रकरणच वेगळं.)

पण या गटबाजीत पाण्याचा पार खेळ होतो राव. नीरा-देवघर धरणाचं बारामतीकडं जाणारं पाणी 2019 च्या जूनमध्ये फडणवीस सरकारनं बंद करून आमच्याकडं वळवलं, 2020 ला महाविकास आघाडीनं वाटप परत फिरवलं. कालवा तोच, धरण तेच, सरकार बदललं की पाण्याची दिशा बदलते. आणि प्रचारात आमचे पुढारी काय सांगतात, तर अमक्याला आडवा करायचा, तमक्याला धडा शिकवायचा. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला किती पाणी कधी मिळणार, हे एका सभेत तारखेसकट सांगितलेलं दाखवा मला. आपण पण विचारत नाही, कारण विचारलं की पहिला प्रश्न येतो, तू कुठल्या गटाचा?