कुरडया आणि ट्राउट

मे महिन्यात पुण्यातल्या गच्चीवर वाळवणाची राखण करणे हे कावळे आणि वळीव या दोन शत्रूंमुळे मुळातच जिकिरीचे काम आहे. त्यात आमच्या कोथरूडच्या इमारतीत नानांच्या ट्राउट माशाची भर पडली आहे. निवृत्त झाल्यापासून नाना उन्हाळ्यात हिमाचलातील तीर्थन खोऱ्यात गळ टाकायला जातात आणि निघण्यापूर्वी सराव गच्चीवर करतात. या गळाला गांडूळ नसते, पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली बनावट माशी असते. तिला वजनच नसल्यामुळे ती जाड दोरीच्या भारावर फेकावी लागते आणि त्यासाठी दोरी आधी पाठीमागे पुरती सरळ होऊ द्यावी लागते. नानांच्या पाठीमागे आईच्या कुरडया असतात.

हात चालू असताना तोंडही चालूच असते. ट्राउट इंग्रजांनी आणून तिथल्या नद्यांत सोडला, थंड पाण्यात प्राणवायू अधिक म्हणून तो तिथे टिकला, पाणी २० अंशांपुढे तापू लागले की तो कासावीस होतो, हे सारे मी ४० अंशांच्या उन्हात, डोक्यावर ओला पंचा घेऊन ऐकतो. माशांच्या विणीसाठी तिकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. वास्तविक सरावाला हेच महिने उत्तम, कारण तेव्हा गच्ची रिकामी असते. पण नानांचा उत्साह नेमका आमच्याकडे चीक शिजतो त्या दिवशी उफाळून येतो.

आईला यातले फक्त हवामान पटते. ऊन चढले की वरचे बर्फ वितळून नदी फुगते व गढूळते, म्हणून गळ सकाळीच टाकायचा, दुपारी डोंगरउतारांवरून वर चढलेल्या हवेचे ढग होतात आणि कधीकधी गारा पडतात, असे नानांनी सांगताच ती म्हणाली, "म्हणजे कुरडयांसारखंच. चारच्या आत आवरायचं." काल सिंहगडाकडे काळे दिसताच तिने वाळवण गोळा करायला घेतले. नाना मोबाइलमध्ये पाहून पाऊस नसल्याची ग्वाही देत होते, तोच थेंब आले. घाईघाईने दोरी ओढताना गळ पातळाच्या काठात रुतला आणि अर्ध्या कुरडया पातळासकट नानांकडे निघाल्या.

आई रागावली नाही. गारांपासून वाचवण्यासाठी तिकडे सफरचंदाच्या बागांवर जाळ्या ताणतात, हे नानांनीच पूर्वी सांगितलेले तिच्या लक्षात होते.

"नाना, मासा नाही मिळाला तरी चालेल," ती म्हणाली, "येताना ती जाळी आणा. गच्चीचं माप हा लिहून देईल."